तांदळातली हार्ड डिस्क

"बोलू नका राव. तो बोलतोय."

असं म्हणून भाऊ एक बोट वर करायचे, चालू हार्ड डिस्क उजव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. वायर आखूड, त्यामुळे त्यांना माझ्या काउंटरवर जवळजवळ आडवं व्हावं लागे. मग दुकानात जो कोणी असेल तोही गप्प. सातबाराची झेरॉक्स काढायला आलेला म्हातारा, परीक्षेचा फॉर्म भरायला आलेल्या कॉलेजच्या मुली, सगळे श्वास धरून उभे. अर्ध्या मिनिटाने भाऊ डोळे उघडून निकाल द्यायचे. "ह्याला दमा हाय." किंवा, "ह्यो आतल्या आत दात खातोय. ह्यो न्हाई चालायचा." मी दरवेळी ओरडायचो की भाऊ, चालू डिस्क हलवायची नसते, आत चकती फिरत असते. ते म्हणायचे, "फिरतीय म्हणून तर ऐकतोय. बंद पडल्यावर काय ऐकू?"

घोडेगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. भाऊ शिनोलीचे. लग्नाचं शूटिंग करायचे. तुमच्याही भागात असा एक माणूस असेल, ज्याचं खरं नाव कोणाला ठाऊक नसतं, पण पत्रिका छापायच्या आधी तारीख त्याला विचारतात. भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाड्यांपासून इकडे पार पिंपरी पेंढारपर्यंत त्यांचा कॅमेरा फिरलेला. हिंदूंची लग्नं, आपल्या बौद्ध समाजातली लग्नं, साखरपुडे, बारशी, सगळं. गळ्यात टॉवेल, खांद्यावर कॅमेरा आणि तोंडात एकच वाक्य, "मोबाईलवालं बाजूला व्हा!" मंडपात कोणी मोबाईल वर करून कॅमेऱ्यापुढे आलं की भाऊंचं डोकं फिरायचं. नवरीच्या मामालाही त्यांनी कधी सोडलं नाही.

त्यांचा एक नियम होता. शूट केलेलं पुसायचं नाही. बाकीचे शूटिंगवाले फिल्म हातात दिली की कार्ड पुसून पुढच्या लग्नाला मोकळे होतात. भाऊंच्या घरी मात्र कॅसेटी, सीड्या आणि जुन्या डिस्कांनी एक लोखंडी कपाट गच्च भरलेलं. एकदा एका मुलाकडच्या लोकांनी त्यांना माझ्याच दुकानात गाठलं. काडीमोड झालाय, तेवढं लग्न पुसून टाका, म्हणाले. भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमचं मोडलं आसंल. पण त्या मांडवात दुसरी तीनशे मानसं जेवत व्हती. त्यांचं काय मोडलंय?"

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे वर्षभराने एक बाई त्यांच्या मागोमाग दुकानात आल्या. त्यांचा नवरा गेला होता आणि घरात भिंतीवर लावायला फोटोच नव्हता, होता तो फक्त आधार कार्डावरचा. भाऊंनी आठ दिवस खपून कुणा तिसऱ्याच माणसाच्या लग्नात त्याला शोधून काढलं होतं. पंगतीत बुंदी वाढत होता. सतरा सेकंद. मी फोटो काढून देतो म्हटलं, तर त्या बाई म्हणाल्या, आधी चालता दाखवा. आम्ही त्या माणसाला नऊ-दहा वेळा बुंदी वाढायला लावली. त्या दिवसापासून मी भाऊंच्या कपाटाची थट्टा करायचं बंद केलं.

तीन वर्षांपूर्वी भाऊ आले ते वेगळ्याच चेहऱ्याने. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होते. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "पंधरा वर्षं टिकंल अशी डिस्क द्या."

"पंधरा वर्षांची खात्री कोणीच देत नाही, भाऊ. दर तीन-चार वर्षांनी नवीन घेऊ की."

"घेऊ म्हंजी कोन घेनार? मी नसन तवा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती मुलगी पिंपरी पेंढारला दिली होती. बाळंतपणानंतर वर्षाच्या आत काविळीने गेली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. जावयाने दुसरं लग्न केलं, त्यात काही वावगं नाही, मूल लहान होतं. पण नव्या घरात पहिलीचा फोटो भिंतीवर कसा राहणार? नात पाच वर्षांची झाली होती आणि तिला आई कशी दिसायची, कशी बोलायची, काही ठाऊक नव्हतं. फोनमध्ये चार फोटो होते. चारही फोटोंत आई मान खाली घालून बाळाकडे बघतेय.

आवाज फक्त एकाच ठिकाणी होता. लेकीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. ते भाऊंनी स्वतः केलं होतं. पाहुण्यांपैकी कोणाच्या मोबाईलमध्ये काही सापडेल म्हणावं, तर तिथेही भाऊंनी सवयीप्रमाणे सगळ्यांना हाकललेलं. आणि त्याची फिल्म त्यांनी कधी बनवलीच नाही. सीझन चालू होता, गिऱ्हाइकांची कामं आधी, घरचं लग्न शेवटी. लेक माहेरी आली की विचारायची, पप्पा, माझी फिल्म कधी? हे म्हणायचे, पुढच्या महिन्यात. असे दोन वर्षांचे पुढचे महिने गेले आणि मग ती गेली.

"पोर अठरा वर्षाची झाली की तिच्या हातात द्यायची," भाऊ म्हणाले. "तवर कुठं तरी नीट ठिवली पायजे. माझ्या कॉम्प्युटरातली डिस्क आता ठोकं मारायला लागलीय."

त्या दिवशी आम्ही दोन तास डिस्क निवडत होतो. मी आधी बाजारात मिळतात तशी तयार बॅकअप डिस्क दाखवली. त्यांनी उलटीसुलटी करून विचारलं, वायरीचं भोक तुटलं तर? मी खरं ते सांगितलं, की यात भोक आतल्या बोर्डालाच जोडलेलं असतं, तुटलं तर भानगड. "मग वायरीचा डबा येगळा आन डिस्क येगळी घेऊ. डबा मोडला तर डबा बदलू." मी मान डोलवली. माझ्या धंद्यात हे सांगायला मला दहा मिनिटं लागतात.

मग मी एसएसडी दाखवली. आत काही फिरत नाही, पडली तरी फुटत नाही. त्यांनी कानाला लावली. वाट बघितली. "ही मुकी हाय," म्हणाले आणि परत दिली. मीही आग्रह केला नाही, कारण ती बरीच वर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातलं विरण्याचा धोका असतो. कॉम्प्युटरची मोठी डिस्क घ्यावी तर तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, तो पंधरा वर्षं कोण सांभाळणार? राहिल्या लॅपटॉपच्या छोट्या डिस्का. त्यातल्या नव्या जातीत माहिती कौलांसारखी एकावर एक चढवून लिहितात, असं मी समजावलं. भाऊंनी लगेच हात झटकला. "कौलं काढून परत बसवताना एखादं फुटतंच. सपाट लिवनारी द्या."

तसल्या तीन होत्या माझ्याकडे. तिन्ही जोडून दिल्या. भाऊंनी बोट वर केलं. पहिली नापास, दुसरी नापास. तिसरी कानाशी धरून ते इतका वेळ थांबले की मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग म्हणाले, "ही झोपलेल्या लेकरावानी चालतीय. हीच द्या."

त्यांच्या कॉम्प्युटरातलं आधी मी माझ्या मशीनवर घेतलं, मग त्या डिस्कवर टाकलं, एकेक फाइल उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनवरची प्रत मी पुसली. जागा कमी पडत होती. दुकानदार माणूस, कोणाचं काय काय ठेवणार, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही मला त्या पुसण्याचा राग येतो आणि तो काढायला दुसरं कोणी सापडत नाही.

जाताना भाऊंनी विचारलं, "आमच्याकडं पावसाळ्यात भिंती पाझरत्यात. कॅसेटींना बुरशी आली. हिला कशी जपू?"

मी हसत म्हणालो, "तांदळात ठेवा की. मोबाईल भिजला की सगळं गाव तांदळातच घालतं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ओल शोषणाऱ्या पुड्या माझ्या खणात पडलेल्या होत्या, त्या द्यायच्या राहून गेल्या. भाऊ खरोखर घरी गेले आणि त्यांनी ती डिस्क डब्यासकट फडक्यात गुंडाळून वर्षाच्या तांदळाच्या पिंपात, मध्यभागी, कोपरापर्यंत हात घालून ठेवली. आमच्याकडे घरचा इंद्रायणी असतो, तो जिवापलीकडे जपतात. तांदूळ ठेवतात ती घरातली सगळ्यांत कोरडी जागा. भाऊंचा हिशेब चुकीचा नव्हता.

दोन पावसाळे गेले. कॉम्प्युटरातली जुनी डिस्क एक दिवस ठोके मारता मारता बंद पडली. भाऊ आले ते हसतच. एव्हाना पाय सुजले होते, रिक्षाने आले होते. "बरं झालं राव, तुमचं आयकलं. तांदळात ऱ्हायली माझी लेक सुखरूप." त्यांनी फडकं सोडलं. काउंटरवर तांदळाचे चार दाणे सांडले.

मी वायर लावली. दिवा लागला नाही. दुसरी वायर, दुसरा डबा, दुसरी मशीन. भाऊंनी डिस्क माझ्या हातातून घेऊन कानाला लावली. दुकानात त्या वेळी तिघे-चौघे होते, तेही सवयीने गप्प झाले. भाऊ बराच वेळ तसेच उभे राहिले. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुमी बघा बरं. मला हल्ली कमी आयकू येतं."

पुण्याला डिस्कमधली माहिती काढून देणारी एक लॅब आहे, तिथे मी स्वतः घेऊन गेलो. तीन आठवड्यांनी तिथल्या माणसाचा फोन आला. कुठे ठेवली होती, म्हणाला, खताच्या गोदामात का? बोर्डावरच्या तांब्याचा कण न् कण काळा पडलाय. मी म्हटलं, तांदळात. त्याने विचारलं, तांदळाला कीड लागू नये म्हणून गोळ्या टाकल्या होत्या का? मी भाऊंच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला. "व्हय, टाकतोच की दर वर्षी. पुरचुंडीत बांधून मधोमध ठिवते. का वं?"

त्या गोळ्यांचा वायू तांब्याला खातो. दोन वर्षं बंद पिंपात तो डिस्कच्या शेजारी होता. लॅबवाल्याने बोर्ड बदलून पाहिला, आतले भागही बदलून पाहिले, पण वायू आत चकतीपर्यंत पोचला होता. कॉम्प्युटरातली बंद पडलेली डिस्कही मी सोबत नेली होती, तिची चकती ठोके खाऊन खरवडली गेली होती. काही निघालं नाही. एक सेकंदही नाही.

मी शिनोलीला गेलो. मोटरसायकलवर सगळी वाक्यं जुळवत ओट्यावर जाऊन बसलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात मी सांगून टाकलं. गोळ्यांचं सांगितलं, आणि हेही, की तांदळाची गोष्ट मीच बोललो होतो, गंमत म्हणून.

"तुमी हसत व्हता," भाऊ म्हणाले. "मला कळलं व्हतं ती गंमत हाय. पण मला पटलं."

मग आतल्या दाराकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "हिला गोळीचं सांगू नका. तिच्या हातची पुरचुंडी व्हती. मशीन जुनी झाली व्हती म्हनायचं, बास." वहिनी चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, मशीन जुनी झाली होती. चहा मी कसा प्यायलो ते मला विचारू नका.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी भाऊ दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. "तुमचा मोबाईल उभा करून माझं शूटिंग घ्या," म्हणाले. मोबाईलवर शूटिंग करा असं भाऊ म्हणतायत, यावर मी एरवी आठ दिवस हसलो असतो. मी त्यांना खुर्ची दिली. समोर मोबाईल लावला. त्यांनी डोळे मिटले आणि लेकीचं लग्न सांगायला सुरुवात केली. गोष्टीसारखं नाही, एकेक क्लिप क्रमाने. संपादनाला बसलेल्या माणसासारखं.

"पयली क्लिप. हळद. उजेड डाव्या अंगानं येतोय. ती पाटावर बसलीय. कुनी तरी नाकाला हळद लावली, ती शिंकली. दोनदा. आवाज हाय." थोडं थांबून, "पुढची. पांढरी साडी नेसून आली. पांढऱ्यानं क्यामेऱ्यात चेहरा काळा पडतो, म्हणून मी उजेड वाढिवला. मागचा मांडव पार जळाला. जळू दे. चेहरा दिसतोय." मग, "बुद्धवंदना चाललीय. समद्यांचं डोळं मिटल्यालं. ही एक डोळा उघडून क्यामेऱ्याकडं बघतीय आन हसतीय. सहा सेकंद." जेवणाच्या क्लिपमध्ये ती मैत्रिणीला घास भरवत "खा की गं, लाजती कशाला" म्हणते, तेही भाऊंनी तिच्याच सुरात म्हणून दाखवलं. पन्नाशीच्या पुढचा आजारी माणूस, बारीक आवाजात. मी दुसरीकडे बघितलं.

असे दीड तास ते बोलत होते. शेवटी म्हणाले, "आता पाठवनी. सात मिनटाची क्लिप हाय. ही म्यां कधी लावलीच न्हाई. कॉपी केली, उघडते का बघितलं, आन लगीच बंद केली. म्हणून जे डोळ्यांनी दिसलं तेच सांगतो. ती गाडीपाशी गेली. परत फिरली. सरळ क्यामेऱ्याकडं आली, येवढी जवळ की फोकस गेला. काय तरी बोलली. बेंजो वाजत व्हता, मला आयकू आलं न्हाई. म्हटलं, रेकॉर्ड तर झालंय. मग निवांत ऐकू."

भाऊंनी डोळे उघडले. "बंद करा," म्हणाले.

भाऊ गेल्या डिसेंबरात गेले. ते शूटिंग मी आज चार ठिकाणी ठेवलंय आणि दर दोन महिन्यांनी चारही उघडून बघतो. नात अठरा वर्षांची झाली की द्यायचं असं ठरलं होतं. पण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन महिना झाला असेल, वहिनी नातीला घेऊन दुकानात आल्या. पोरगी आठ वर्षांची. हनुवटी भाऊंसारखी. "लावा ते," वहिनी म्हणाल्या. "अठरा व्हयाची वाट बघायला कोन ऱ्हातंय का, कुनाला ठावं."

दोघींना खुर्च्या दिल्या. पोरगी शिंकेपाशी हसली. एक डोळा उघडण्यापाशी तर तिने स्वतःचा एक डोळा मिटून बघितला. वहिनी पदर धरून बसल्या होत्या, रडल्या नाहीत. शेवटचं वाक्य झालं, भाऊ बंद करा म्हणाले आणि स्क्रीन काळी झाली.

"आजी, मग मम्मी काय म्हणाली?" पोरीने विचारलं.

मी तिला सांगणार होतो की ते कोणालाच माहीत नाही बाळा. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मी शेजारीच हुबी व्हते की. म्हनाली, पप्पा, ठिवा ना आता तो क्यामेरा खाली. माझ्याकडं बघा की."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "त्यांना आयकूच गेलं न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

"आन मी दहा वर्षं मनात धरून बसले, की पोरगी येवढं म्हनाली तरी ह्या मानसानं क्यामेरा खाली ठिवला न्हाई. मी एका शब्दानं बोलले न्हाई कधी. म्हटलं, कशाला उगाच जखम उकरायची." त्यांनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं. पोरगी त्यांचा हात हलवत होती, त्यांचं लक्ष नव्हतं.

"इचारायचं व्हतं की वं मला," त्या स्क्रीनला म्हणाल्या. "घरातच तर व्हते मी."